सळई

कागदावर पाच रकाने.
क्षेत्र किती घटलं. विस्तार किती उरला.
पाणी-माती कितपत बिघडली.
जिवांची आपसातली देवघेव कुठे तुटली.
पाचवा संगणकाचा:
येत्या पन्नास वर्षांत हे सगळं कोसळण्याची शक्यता,
टक्क्यांत.

आणि माझ्या हातात सळई.
एक मीटर वीस, पोलादी, दर सेंटिमीटरला खाच,
मुठीला वायरमनची काळी चिकटपट्टी,
कारण उत्सयोकीत ऑगस्टच्या पहाटेही
लोखंड बोटांना डसतं.

पाल्सा म्हणजे दलदलीला आलेलं टेंगूळ.
वर शेवाळ, गुडघ्याएवढे बर्च, पिकलेल्या ढगबेरी,
पोटात बर्फ,
आजीच्या आजीच्या काळापासून न सुटलेला.
सळई खुपसायची, अंगाचा भार द्यायचा,
आत ‘टक्’ वाजलं की थांबायचं.
मी आकडा वाचते, इल्पो लिहून घेतो.
आमचं शास्त्र एवढंच.
बाकीचं ओउलूच्या ऑफिसात, हीटरशेजारी होतं.

त्रेपन्न. एकोणपन्नास. एकसष्ट.
सहासष्ट.

रावद्ना आली तिच्या चिखलगाडीवरून, मागे कुत्रा.
हरणी शोधत होती, कान फाटलेली.
म्हणाली, उन्हाळ्यात डास उठले की कळप इथे चढतो,
या उंचवट्यावर वारा असतो.
तुमच्या कागदावर डासांचा रकाना आहे का?
इल्पो विचारात पडला. चौथ्यात बसवता येईल, म्हणाला.
मग बसवा, ती म्हणाली,
आणि थर्मासचं झाकण उघडलं.

कॉफी पिताना तिने विचारलं, कोसळणं म्हणजे काय?
इल्पोने नीट सांगितलं, तो नेहमीच नीट सांगतो:
एक उंबरठा ठरवावा लागतो,
त्याच्या अलीकडे ‘अतिसंकटग्रस्त’,
पलीकडे मग काही नाही.
ती हसली नाही.
कडा कोसळतो, म्हणाली. हे बसतं.
घसा बसतो तसं.
एका उन्हाळ्यात थोडी चीर, मग कडेला पाणी,
मग तुम्ही नेहमीच्या वाटेने येता
आणि चढच लागत नाही.

सतरावं ठिकाण.
सळई गेली. जात राहिली.
चिकटपट्टी चिखलाला टेकली
तरी आतून काही नाही.
हातभर सरकून पुन्हा. तिसऱ्यांदा.
किती? इल्पोने विचारलं.
मूठ, मी म्हणाले.

नियमावलीत त्याची सोय आहे:
‘१२० पेक्षा जास्त’, आकड्याआधी
अधिकचं ते चिन्ह, पिल्लाच्या उघड्या चोचीसारखं.

रावद्नाने गाडीवरून तंबूची काठी ओढून काढली,
सोललेल्या बर्चची, धुराने काळी.
दोन्ही हातांनी ती रोवत गेली.
बुडबुडे आले, कुजका वास आला.
काठीच्या टोकाला तिने कान लावला,
कुत्राही गप्प बसला.
मग बाहेर काढून ओल्या खुणेवर सुरीने खाच पाडली:
दोन हात, एक वीत.
लिहा, म्हणाली.

इल्पो म्हणाला, साधन मध्येच बदलता येत नाही,
एकवीस वर्षांची मालिका आहे,
तुलनाच होणार नाही मग.
तो खोटं बोलत नव्हता.
मलाही तसंच शिकवलंय.
ती काठी पुसत राहिली, गवताने, खालून वर.

संध्याकाळी तक्ता तपासताना दिसलं,
शेऱ्याच्या रकान्यात, पेन्सिलीने, त्याच्या मुंगीएवढ्या अक्षरात:
‘काठी. दोन हात, एक वीत. ऐकू आलं नाही.’
ओउलूच्या संगणकाला शेरे वाचता येत नाहीत.
हे त्यालाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी अठरावं ठिकाण.
सत्तावन्नावर ‘टक्’ झालं.
मी आकडा सांगितला, पण सळई लगेच काढली नाही.
थोडी उचलली,
आणि हलकेच, उगीचच,
आणखी एकदा वाजवून पाहिली.