वीसपर्यंत माफ

थॅडियस, पाकीट उचल.
रागावू नकोस, कोट चढवण्याआधी नीट ऐक.
शंभराच्या तीन नोटा, आणि बरोबर
बदकाचं चित्र असलेलं कार्ड.
कार्ड मी ठेवते.

हिशेब सोपा आहे बघ.
पहिले वीस सरकार माफ करतं,
वर्गात उशिरा आलेल्या पोराला करावं तसं.
उरलेले दोनशे ऐंशी
माझ्या एप्रिलच्या चेकमधून
एकेक करून खुडून घेतं.
तू घाम गाळलास तीनशेचा,
माझ्या पदरात वीस,
बाकीचा वाढदिवस सरकारजमा.

तू म्हणतोस, असू दे, वेळेला उपयोगी पडतील.
तेच तर नाही चालत, थॅड.
असू देणं हाच गुन्हा.
बँकेत माझे अठराशे एकाहत्तर आहेत.
दोन हजारांवर एक डॉलर चढला
की त्या महिन्यापुरती
माझी गरज नाहीशी होते म्हणे.
पाठीतल्या दोन पट्ट्या, सहा स्क्रू,
कारखान्यात अंगावर आलेला तो पॅलेट,
सगळं जिथल्या तिथं.
माझ्यासारखीनं गरज ताजी ठेवावी लागते
दुधासारखी.

गेल्या वर्षी सेंट हेडविगच्या तळघरात
लॉटरीची सोडत होती, आठवतं?
मिसेस व्रोब्लेव्स्की जपमाळ ओढत होत्या
पहिल्या बक्षिसासाठी, रोख पाचशे.
मीही ओढत होते, उलट्या दिशेनं.
देवा, चारशे सतरा नको. चारशे सतरा सोडून काहीही.
त्यानं ऐकलं.
मला लागलं हॅम. अकरा पौंड.
दुसऱ्या दिवशी ऑफिसला फोन लावला,
एक तास बावीस मिनिटं तोच सॅक्सोफोन,
मग मिस प्रुइट आल्या,
मऊ आवाज, सर्दी झालेली.
म्हणाल्या, खाण्याचं आता मोजत नाहीत, बाई.
पूर्वी मोजायचो.
आणि मग, फॉर्मात नसलेलं,
एकटीला अकरा पौंड संपतील कसे?
हाड अजून फ्रीजरमध्ये आहे,
वाटाण्याच्या सुपासाठी. रविवारी ये.

द्यायचंच असेल काही
तर बूट दे. साडेसात नंबर, वेल्क्रोचे,
लेस बांधायला वाकता येत नाही आता.
फोनचं बिल परस्पर भर,
माझ्या हाताला पैशाचा वास न लागता.
भाडं मात्र भरू नकोस.
भाड्याला हात लावलास
की तू भाऊ उरत नाहीस,
उत्पन्न होतोस.

आणि आईचं ते सोड आता,
बहिणीच्या उंबऱ्यात रिकाम्या हातानं जाऊ नये.
आईला रकाने ठाऊक नव्हते.

तू काहीच बोलला नाहीस.
पाकीट आतल्या खिशात सरकवलंस,
जाकिटाची चेन दोनदा अडकली.
दारात म्हणालास, रात्री ईरी सरोवरावरून वीस इंच येतंय,
आणि ड्यूटीवर गेलास.

आमची गल्ली पुढे बंद होते,
पालिकेच्या यादीत शेवटून दुसरी.
तिला बर्फाचा नांगर लागतो एकदाच,
तोही उजाडून गेल्यावर.
त्या रात्री पिवळा दिवा माझ्या छतावरून फिरला
अडीच वाजता.
मग पुन्हा, सव्वाचारला.
पातं खाली,
अगदी माझ्या रॅम्पच्या तोंडाशी आलं,
थांबलं,
आणि हळूच मागे गेलं.

सकाळी फॉर्म काढला.
महिना: फेब्रुवारी.
कोणाकडून रोख अथवा अन्य काही मिळालं का?
बराच वेळ पेन हातात होतं.

बूट मार्चमध्ये आले.
अर्धा नंबर मोठे.