चौथ्या मालकास

आलात? बसा आधी, डिचोलीहून उन्हातून आलाय.
गाडी माडाखाली आहे, पळून जाणार नाही.
पळत असती तर विकायला काढली नसती.

फोनवर तुम्ही एकच विचारलंत,
भरवशाची आहे ना?
म्हटलं, या, समोर सांगते.

पहिला मालक दिवाडीचा, एफ्रेम कुलासो.
रोज फेरीतून न्यायचा-आणायचा हिला,
धक्क्याच्या उतारावर भरतीचं पाणी चाकांना लागायचं.
म्हणून तळाला हात लावलात
तर बोटांवर तांबूस पूड येईल, खारट.
तीन मुली, दोन कुत्रे, चर्चमधली पेटी,
आणि एकदा, मागची सीटं काढून, त्याची आई.
दफनभूमीपर्यंत गाडी कुठे अडली नाही.
परतताना अडली.
तो म्हणायचा, हिला कळतं कुठे थांबायचं.
मला वाटतं बॅटरी होती.

दुसरे म्हापशाचे केंकरे, औषधवाले.
त्यांची वही पुढच्या खणात आहे, गाडीबरोबर मिळेल.
"सत्तेचाळीस हजार तीनशे. क्लचची वायर."
"चोर्ल्यात काटा लालवर. कलिंगडवालीने पाणी दिलं, पैसे घेतले नाहीत."
"चतुर्थी. टपावर माटोळीचं सामान, मागे पाटावर गणपती. विनातक्रार."
विनातक्रार हा शब्द सहा वर्षांत चारदा आलाय.
मी मोजलाय.
झोप येत नाही तेव्हा माणूस काहीही मोजतो.

तिसरी मी.
आमच्या ह्यांनी घेतली, बोटीवर जायच्या आधी.
म्हणाले, सात सीटं आहेत, कुणाच्या दारात जायला नको.
मी हिच्यावरच शिकले.
आमोण्याच्या पुलावर पहिल्यांदा चौथा गियर टाकला,
मागे सासूबाई डोळे मिटून
नागेशीला नारळ बोलत होत्या. एक, मग दोन, मग पाच.

खोटं सांगत नाही.
पावसाळ्यात सकाळी ती रुसते.
मागचं दार आतून काथ्याने बांधलंय.
डावीकडची काच अर्धीच उतरते,
आणि उजवीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजतो,
त्यामुळे वाड्यावर सगळ्यांना कळतं मी घरी आले.
इस्माईल मेस्त्री दर वेळी बॉनेट उघडतो, म्हणतो
भरवशाच्या म्हशीला टोणगा,
आणि तिला थोपटतो, म्हशीला थोपटावं तसंच.

पण लेकीला रात्री दोनला धाप लागली,
बांबोळीला न्यायची होती,
पायात चप्पलसुद्धा नव्हती माझ्या,
चावी फिरवली, आणि

नाही. पहिल्यांदा नाही झाली चालू.
दुसऱ्यांदाही नाही.
तिसऱ्यांदा झाली.
दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधलं जे काही होतं
ते मी केंकऱ्यांच्या वहीत लिहिलेलं नाही.

मग विकता कशाला, विचारणारच तुम्ही.
हे ह्या वर्षी आले नाहीत. गेल्या वर्षीही नाही.
सासूबाई गेल्या. लेक आता धारवाडला, बसने जाते-येते,
औषधाचा पंप स्वतःच्या पर्समध्ये ठेवते.
आरशात पाच रिकामी सीटं दिसतात.
सहावं माझ्या शेजारी,
ते बघायला आरसा लागत नाही.

चला, चालू करून दाखवते.
आधी अर्धी किल्ली. तीनपर्यंत मोजायचं, मनातल्या मनात.
घाई केलीत तर ती ओळखते.

बघा!
पहिल्याच फटक्यात.
चार वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही तुमच्यासमोर.
आता मी सांगितलेलं सगळं खोटं वाटणार तुम्हाला,
आणि भाव पाडून मागायला तुम्हालाही तोंड राहिलं नाही.

थांबा, बंद नका करू इतक्यात.
जरा गरम होऊ दे.