उजव्या कोपऱ्यातला अंगठा

जिल्ह्यात सगळ्यात जास्त प्रसिद्ध झालेली लेखिका मीच.
एक लाख त्र्याण्णव हजार पानं,
आणि प्रत्येक पानावर, उजवीकडे खाली,
माझा अंगठा.

पिवळा. कारण सकाळी सहा ते दहा
मी मार्केट यार्डात हळद निवडायचे,
आणि अकरापासून वखारभागातल्या वाचनालयात
शासनाचं मशीन चालवायचे.
हळद साबणाचं ऐकत नाही.

योजना चांगली होती, हे मी चौकशीतही सांगितलं.
पुरात भिजलेली पुस्तकं मशीनखाली धरायची,
फोटो काढून वर चढवायची,
म्हणजे पुढच्या खेपेला आयर्विनला कितीही फूट पाणी येऊ दे,
पुस्तकं क्लाऊडमध्ये कोरडी.
क्लाऊड म्हणजे ढग, असं मी सांगितल्यावर
बिरनाळे सर हसले:
"पाणी येतं ते तिथूनच की, शमशाद."

शासनाची गुंतवणूक चौदा कोटी.
कंपनीला पानामागे नऊ रुपये ऐंशी पैसे,
मला तीस पैसे.
अहवालात 'रोजगारनिर्मिती' या रकान्यात
बहात्तर लिहिलंय.
मी एकटीच होते. पंखा धरला तर दोघं.

पुस्तकं उघडत नव्हती.
भाकरीसारखी फुगलेली, आतून एकजीव,
पान ओढलं की अक्षरं शेजारच्या पानासोबत निघून जात.
सर बोरिक पावडर भुरभुरून, स्वेटरच्या सुईनं,
दिवसाला चार पानं सोडवायचे.
इकडे मार्च आला.
कंपनीचा भाचा
(सगळे भाचाच म्हणत, कुणाचा ते कुणी बोलत नसे)
कागदाच्या रिमांचे खोके टाकून गेला.
"पान म्हणजे पान. त्यावर काही लिहिलेलं असावं
असं जीआरमध्ये कुठाय?"
मी वाचून बघितला. खरंच नव्हतं.

कोरं पान. टिक्.
कोरं पान. टिक्.
पंख्यानं उडू नये म्हणून
अंगठा.

लोकार्पणाला साहेबांनी बटण दाबलं,
पडद्यावर मुखपृष्ठ आलं, टाळ्या झाल्या.
दुसरं पान कुणी उलटलं नाही.
दोन वर्षं कुणी उलटलं नाही.

मग निवडणूक आली आणि वाचक आले.

विरोधकांनी पत्रकार परिषदेत माझा अंगठा
दाराएवढा करून लावला:
हा पिवळा अंगठा कुणाचा?
सत्तेतले म्हणाले, तुमच्याच काळातला.
टीव्हीवर एक दाढीवाला म्हणाला,
हे कावीळ झालेल्या व्यवस्थेचं प्रतीक आहे.
अम्मी बघत होती. म्हणाली, नख वाढलंय गं तुझं.

आमच्या घरात तीन पिढ्या अंगठाबहाद्दर.
छापून आला तो पहिला माझाच.

हरिपूरला हळदीची पेवं होती, अब्बा त्यांत उतरायचे.
पेव उघडलं की लगेच उतरत नाहीत.
आधी दोरीनं कंदील सोडतात.
विझला तर आत हवा नाही, थांबायचं.
समितीनं पहिल्यांदा मला आत सोडलं.
साहेब आता दुसऱ्या खात्यात आहेत.
भाच्याचा फोन लागत नाही.
वर, तोंडाशी, सगळे वाकून बघतायत
मी विझते का.

एक मात्र कुणी विचारलं नाही.
त्या कोऱ्या ढिगाऱ्यात एक पुस्तक खरं आहे.
सतारीच्या दुरुस्तीचं, एकशे बारा पानांचं.
रात्री थांबून सरांनी सोडवलं, मी धरलं.
आतापर्यंत तीनदा उघडलं गेलंय.
तिन्ही वेळा मीच.

पान एकसष्ट, समासात पेन्सिलीनं
कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलंय:
'हे पान फाडू नये. मी परत येणार आहे.'

अंगठा तिथंही आहे.
फक्त जरा बाजूला घेतलाय,
त्या ओळीला हळद लागू नये इतका.