उजव्या बाजूचं ट्रनियन

क्लाइव्ह ऑल्सॉपनं काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं
आणि तीन ट्रनियन मांडली,
उपवर मुलीपुढं स्थळं मांडावीत तशी.
बाहेर कॉव्हेंट्रीचा जानेवारी,
चारलाच दिवे लागलेले.

पहिलं मूळ कंपनीचं.
मेणकागदात गुंडाळलेलं, खोक्यावर पुसट नंबर,
पन्नास वर्षं कुणा डीलरच्या माळ्यावर,
एकदाही रस्ता न पाहिलेलं.
नव्वद पौंड.
ते उचलताना क्लाइव्हचा आवाज खाली येतो,
चर्चमध्ये शिरल्यासारखा.

दुसरं तैवानचं. बारा पौंड.
चकचकीत. आटे बोटाला जरा खरखरीत.
"चालतं," तो म्हणाला, "बहुतेक वेळा."
ते बहुतेक माझ्या घशात अडकलं.
अख्खं चाक या मूठभर पितळेवर वळतं.
हे तुटलं की गाडी भर वळणावर
पुढचा पाय मोडलेल्या बैलासारखी बसते.

तिसरं जुनंच, पण आतून तासून,
नवं बुश ठोकून पुन्हा उभं केलेलं.
पंचेचाळीस, आणि वर वीस अनामत:
तुमचं झिजलेलं आणून द्या, वीस परत न्या.
म्हणजे माझं कुणाच्या तरी गाडीत जाणार,
कुणाचं तरी माझ्या.
एवढी देवाणघेवाण मी शेजारच्यांशी केली नाही
बावीस वर्षांत. विरजणसुद्धा नाही.

फोटो काढले. म्हटलं, उद्या सांगते.

दादा सत्त्याऐंशीचे.
किर्लोस्करवाडीच्या लेथवरून उठले
ते इथल्या कॅनलीच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
हेराल्ड गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या
आणि ते सहाच्या बसनं घरी आले, कायम.
म्हणून मी निवृत्त झाल्यावर हेराल्ड घेतली
असं सगळे समजतात.
मला तिचा हिरवा रंग आवडला होता, मिरचीच्या देठासारखा,
आणि बॉनेट आख्खं पुढं कलतं,
टायरवर बसून काम करता येतं, कंबर धरत नाही.

"मूळ कंपनीचंच घ्यावं म्हणते," मी म्हटलं.
"मूळ म्हटलं की मला मूळव्याध आठवते,"
दादा म्हणाले, आणि स्वतःच हसत राहिले
खोकला येईपर्यंत.

मग पाणी पिऊन:
"अगं, ती मूळ कंपनी म्हणजे आम्हीच की.
शुक्रवारी पहाटे कोटा भरायचा असायचा.
भोक दोन थाऊ मोठं पडलं तरी
ओल्डरशॉ डोळे मिटून शिक्का मारायचा,
त्याला बसमध्ये खिडकीची जागा हवी असायची.
तो शिक्का तू नव्वदला घेणार?"
थांबले.
"ओल्डरशॉ गेला. आता पितळ उघडं पडलं तरी चालेल."

"मग तैवानचं घेऊ?"
"मला काय माहीत तिथं शुक्रवारी काय चालतं?"

सकाळी तिसरं आणलं.
वाद घालून नाही, पटवून घेऊनही नाही.
निदान ते एकदा झिजलंय, कुणीतरी ते पाहिलंय,
आणि पाहूनही टाकून दिलेलं नाही,
एवढंच स्वतःला सांगितलं.

जुनं काढताना तीन तास गेले.
बोल्टाशी झटताना मराठीतल्या शिव्या कामी आल्या,
इंग्रजीतल्या पुरत नाहीत.
सुटल्यावर तसंच दादांच्या हातावर ठेवलं.
त्यांनी अंगठा आत घातला, फिरवला,
बाहेर काढून नाकाशी धरला.
आतून निघालं काळं, मेणासारखं घट्ट काहीतरी.
"ग्रीस," ते म्हणाले. "कुणीतरी मायेनं ग्रीस भरत आलंय.
याला तेल लागतं गं. पातळ. सारखं.
नव्वदचं घाल नाहीतर बाराचं घाल,
तेल नसेल तर सगळी सारखीच मरतात."

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी
मी टायरवर बसते, ते खुर्चीत,
आणि ते पिचकारी धरून थेंब मोजतात.

अनामतीचे वीस पौंड मात्र क्लाइव्हकडेच आहेत.
झिजलेलं ट्रनियन दादांनी परत दिलं नाही.
ते खिडकीत असतं, गोळ्यांच्या डब्याजवळ,
आणि इफेओमा नर्स रक्तदाब बघायला आली
की आधी ते तिच्या हातात देतात:
"हे बघ. ग्रीसनं मेलं."
ती दर वेळी नीट बघते.
मग दंडाला पट्टा बांधते.