चौदावी फेरी

जालन्याच्या मोसंबीचा रस, अगार, वर यीस्टचा ठिपका.
एवढ्यावर माश्या राजी होतात.
रात्री एकला मी ताटली उचलते,
ब्लीचमध्ये अंड्यांची सालं काढते,
काचेवर एकेक ओळीने निजवते.
परभणीत या वेळी जागे
मी आणि वॉचमन गुट्टे.

अंड्यात अजून एकही भिंत नाही.
एकाच पाण्यात केंद्रकं,
आठ-नऊ मिनिटांत दुप्पट, पुन्हा दुप्पट.
घडी घालायची कुणी, कधी?
सूत्रं सगळी मोकळी,
सेलूच्या जिनिंगमध्ये सरकी निघालेली रुई
उन्हात तरंगायची तशी.

आईमाशीने आधीच भरून दिलेलं एक प्रथिन,
आम्ही त्याला हिरवं केलंय,
जागा शोधत हिंडतं.
जरा टेकलं की पुढची फेरी सुरू,
उठा, चला.
दहावी. अकरावी. बारावीला किंचित दम.
तेरावीला वीसेक मिनिटं.

मग चौदावी.
तासभर कुणीच दुभंगत नाही.
पडद्यावर हिरवा ठिपका. शेजारी दुसरा.
आमटीवरचे तेलाचे थेंब मिळावेत
तसे मिळतात.
एकच ओळ हजारदा गिरवलेला तो भाग
आवळत जातो, मिटतो.
आता तो कुणी वाचणार नाही.

अप्पा सेलूला प्रेसवर होते.
एकशे सत्तर किलोची गठाण, वर पट्ट्या.
डाव्या हाताची करंगळी
एका गठाणीबरोबर गेली,
कोइमतूरला की कुठं, ठाऊक नाही.
लहानपणी विचारलं तर म्हणाले,
"काहून इचारती? वजनात धरली नाही त्यायनं."
त्यावर पुन्हा एक शब्द नाही,
तीस वर्षं.

पुढच्या विभागणीत दोरे येतील
ते याच मुक्या भागाजवळ पकड घेतील.
हा सैल राहिला
तर गुणसूत्रं मध्येच रेंगाळतात,
इकडची ना तिकडची.
प्रबंधात हे एका वाक्यात येईल.

तीन वाजता लाइट गेली.
अर्धी फिल्म सेव्ह झाली, अर्धी नाही.
अंधारात बघते तर
मी डावी मूठ वळून बसलेली,
करंगळी आत दाबून.

गुट्टे टॉर्च घेऊन आले.
"म्याडम, मेली का अंडी?"
म्हटलं, नाही हो.
त्यांना कुठं लाइट लागते.