हयातीचा दाखला

नोव्हेंबर आला की द्वारकानानीला वडूजला न्यायचं,
हे घरात माझ्या वाटणीचं काम.
बँकेत जाऊन सांगायचं असतं,
की ही बाई अजून आहे.

यंदा मशीन ऐकेना.
अंगठा ठेव, पूस, पुन्हा ठेव.
"आजी, रेषाच राहिल्या नाहीत," साहेब म्हणाला.
पन्नास वर्षं आल्याच्या सरीत माती उकरल्यावर
कुठल्या राहणार?

एकाहत्तरची लढाई थांबल्यावर ट्रंक आली,
त्या पावतीवरचा तिचा अंगठा मी पाहिलाय.
जांभळ्या शाईत, नुकत्या नांगरलेल्या रानासारखा,
तास न् तास मोजून घ्यावा असा.

ट्रंकेवर पांढऱ्या रंगात: नाईक गुलाब फडतरे.
आत स्वेटर, दाढीचं सामान,
उजव्या टाचेला जास्त झिजलेले बूट.
माणूस तिकडंच राहिला,
पंजाबातल्या कुणाच्या तरी कापसाच्या रानात.

गुलाबनानाचं मला ठाऊक आहे ते एवढंच:
भरतीला छाती अर्धा इंच कमी भरली,
तर सुभेदार टेप वाचेस्तोवर श्वास धरून उभा राहिला.
सात वर्षं नोकरी.
लग्नानंतरच्या सगळ्या रजा मिळून एक्याऐंशी दिवस.
मोजलेत नानीनं.
शेवटच्या रजेत न्हाणीत त्यानं एक दगड बसवला,
तो अजून हलतो.
नीट करायला गेलं की नानी वसकन अंगावर येते.

शेवटच्या पत्रात लढाईचं अक्षर नाही.
'म्हैस व्याली का? काय झालं ते कळव.'
नानीनं मास्तरांकडून लिहवून घेतलं:
रेडी झाली, कपाळावर चांद आहे.
ते पाकीट परत आलं.
अजून चिकटवलेलंच आहे.

शेवटी साहेबानं दुसरं यंत्र काढलं.
"डोळा दाखवा आजी. पापणी पाडू नका."
नानीनं पदर मागं सारला
आणि काचेत बघितलं,
फाट्यावर थांबलेल्या एस्टीच्या दाराकडं
सगळी माणसं उतरून झाली
तरी बघत राहावं तसं.

हिरवा दिवा लागला.
"झालं. आता वर्षभर काळजी नाही."
नानी उठेना.
"ह्यात मी आत्ताची दिसली आसंन," म्हणाली,
"त्यांना वळख पटंल का?"

साहेबानं माझ्याकडं पाहिलं.
मी गाडीची चावी शोधायला लागलो,
हातातच होती ती.