प्रतवारी

जून लागला की सोल्फ्रिड शिडी लावते
आणि फेब्रुवारीपासून वाऱ्यावर टांगलेले कॉड
मचाणावरून उतरू लागतात.
लोफोटेनला मासे जोडीने वाळवतात,
शेपटीला शेपूट बांधून.
सुतळी कापायचं काम माझं.

ती एकेक मासा उन्हाकडे धरते,
मानेपाशी रक्ताचा डाग शोधते,
पोटात नाक खुपसते, बोटाच्या पेराने ठोकते.
लाकडासारखा वाजला तर इटलीला.
बाकीचे लागोसला.
तीस वर्षांत तिचं नाक चुकलेलं नाही,
माशांच्या बाबतीत.

ओडवार तेलविहिरीवर गेला.
पहिल्या हिवाळ्यात रोज फोन, दुसऱ्यात फक्त नाताळला.
हालगेरची बायको ट्रोम्सोला होती, हे तिला
पोस्टातल्या बाईने सांगितलं, तिकीट चिकटवता चिकटवता.
रिमांतास लिथुआनियाचा. तो खरंच चांगला होता म्हणे.
जाण्याआधी स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करून गेला.
त्या नळावर ती अजून चिडते.

आता आइनार येतो. फेरीबोटीवर तिकिटं तपासतो, विधुर.
आज सकाळी क्लाउडबेरीचा मुरंबा घेऊन आला.
तिने बरणी उजेडात धरली,
झाकण उघडून हुंगलं,
"साखर जास्त झालीये," म्हणाली, आणि परत दिली.
तो "बरं" म्हणाला.
बरणी कोटाच्या खिशात मावेना,
तशीच हातात धरून उतार उतरून गेला.

मला राहवलं नाही.
म्हटलं, थंडीने माणूस इतकं कडक होतं?
"थंडीने नाही," ती म्हणाली, मासा ठोकत.
"एका रात्रीच्या कडाक्याने मासा नासतो, आतून आंबतो.
कडक होतो तो वाऱ्याने.
रोज थोडा, रोज थोडा. त्यालाही कळत नाही."

पण आठवडाभर पाण्यात ठेवला तर मऊ होतो की.

"होतो ना. फुगतो, पांढराशुभ्र होतो,
लोक बटाट्याबरोबर मिटक्या मारत खातात.
पोहत मात्र नाही गं."

यावर काय बोलणार.
मी सुतळी कापली. एक तिच्या हातात गेला,
दुसरा माझ्याकडे राहिला,
दिसतो त्याहून कितीतरी हलका.

रात्री अकराला, उन्हातच, आम्ही काम थांबवलं.
तिने हातमोजा काढला,
झाकणाला लागलेलं बोट नाकाशी नेलं.
थोड्या वेळाने पुन्हा नेलं.
मी वही उघडून थांबले होते.
तिने प्रत सांगितली नाही.